जुना साल्सा कोणी टिकवला?

नाचासाठी केलेल्या संगीताला सहसा फार आयुष्य नसते. नवा नाच आला की कालच्या तबकड्या माळ्यावर जातात आणि ज्यांनी त्यावर पाय झिजवले तेच चार वर्षांनी त्यांची नावे विसरतात. ट्विस्टचे असे झाले, हसलचे झाले. न्यूयॉर्क, हवाना आणि सान हुआन इथे साधारण 1940 ते 1980 या काळात मुद्रित झालेले लॅटिन नृत्यसंगीत, ज्याला आता ढोबळपणे साल्सा म्हणतात, ते मात्र या नियमात बसत नाही. 2018 साली कार्डी बीचे ‘आय लाइक इट’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचा सांगाडा पीट रोद्रिगेसच्या 1967 मधल्या, ‘बुगालू’ या नाचाच्या गाण्याचा आहे. जानेवारी 2025 मध्ये प्वेर्तो रिकोच्या बॅड बनीने जो अल्बम काढला, त्याचे पहिलेच गाणे एल ग्रान कोम्बो या बँडच्या 1975 च्या ‘उन व्हेरानो एन नुएव्हा यॉर्क’चा तुकडा घेऊन उघडते. ज्यांचे आईबापही 1975 साली शाळेत असतील अशी पोरे त्यावर नाचतात.

या टिकाऊपणाची कारणे देणारे पुष्कळ आहेत. कुणी ताल सांगतो, कुणी गाण्यातला गरिबांचा आवाज, कुणी देश सोडून आलेल्यांची हुरहुर. कंपन्या अर्थातच आपल्या नव्याने काढलेल्या जुन्या रेकॉर्डांकडे बोट दाखवतात. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळ्यांचे वजन सारखे नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो: हे संगीत नाचणाऱ्यांनी आणि त्यांच्यासाठी रेकॉर्ड लावणाऱ्यांनी टिकवले. कंपन्या फार उशिरा आल्या, आणि तोवर त्यांनी बरेच काही धुळीत टाकले होते.

मूळ शोधायचे तर क्यूबाच्या पूर्व भागातल्या ‘सोन’पाशी जावे लागते. स्पॅनिश तंतुवाद्य आणि आफ्रिकी ताल यांचा हा संसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवानात आला, 1920 च्या दशकात सेक्स्तेतो हाबानेरोसारख्या छोट्या संचांनी तो तबकड्यांवर चढवला. खरी उलथापालथ केली ती आर्सेनियो रोद्रिगेस या अंध त्रेसवादकाने. त्रेस म्हणजे जोडतारांचे गिटारच्या जातीचे वाद्य. 1940 च्या सुमारास त्याने आपल्या संचात कोंगा, पियानो आणि एकाहून अधिक ट्रम्पेट आणले, गाण्याच्या शेवटाकडचा ‘मोन्तुनो’ हा भाग लांबवला आणि नाचणाऱ्याला मोकळे रान दिले. पुढच्या तीस वर्षांत न्यूयॉर्कमध्ये जे घडले त्याचा आराखडा या माणसाच्या बैठकीत तयार होता. 30 डिसेंबर 1970 रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला तेव्हा त्याच्या चालींवर दुसरे लोक नाव कमावत होते.

न्यूयॉर्कमध्ये 1940 साली माचितोचा ‘आफ्रो-क्यूबन्स’ हा बँड उभा राहिला. मारियो बाउसाच्या हाताखाली त्यात क्यूबाचा ताल आणि हार्लेमचा जॅझ एकत्र आले. मग ब्रॉडवेवरचे पॅलेडियम हे नाचघर. तिथल्या बुधवारच्या माम्बोच्या रात्रींना प्वेर्तो रिकन, कृष्णवर्णीय, इटालियन आणि ज्यू एकाच फरशीवर असत. 1950 च्या अमेरिकेत अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. माचितो, तितो प्वेन्ते आणि तितो रोद्रिगेस यांच्या बँडांत चुरस असे, आणि निकाल लावणारे समोर नाचत असत. ज्या गाण्यावर फरशी रिकामी झाली ते पुढच्या बुधवारी गायब. तितो प्वेन्तेचा 1958 चा ‘डान्स मेनिया’ आज ऐकताना जाणवतो तो हाच धाक. त्यात एकही सैल जागा नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2002 साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूची सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत त्याला जागा मिळाली.

आता तालाकडे वळू, कारण इथे मराठी कानाला चांगली पकड मिळते. या संगीताचा कणा म्हणजे क्लाव्हे: कठीण लाकडाच्या दोन बोटभर जाड दांड्या आणि त्यांवर वाजणारे पाच ठोके. सोळा मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. झाला क्लाव्हे. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या, दुसऱ्या आठांत दोन. पहिला भाग ताणतो, दुसरा सोडतो. उलटे, म्हणजे आधी दोन आणि मग तीन, असेही चालते. पण एकदा ठरले की पियानो, कोंगा, घंटा, गायकाची ओळ, ट्रम्पेटचा झटका सगळे त्याला धरून राहतात. पुष्कळदा क्लाव्हे कुणी प्रत्यक्ष वाजवतही नाही. तो सगळ्यांच्या अंगात असतो आणि चुकला तर सगळ्यांना एकदम कळतो.

याहून मजेची गोष्ट बासची. आपल्याकडे सगळा डोलारा समेवर येऊन टेकतो, तिथे मान हलते. साल्सातला बास सम वाजवतच नाही. चौथी, सातवी, बारावी, पंधरावी या मात्रांवर तो पडतो. पंधराव्या मात्रेचा स्वर दोन मात्रा आधीच येतो, समेवरून तसाच वाहत जातो, आणि समेची जागा मोकळी राहते. ती जागा नाचणाऱ्याच्या पावलाने भरायची असते. खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला म्हणूनच या संगीतात सतत काही तरी राहून गेल्यासारखे वाटते आणि नकळत पाय हलतो. हे माझ्या दृष्टीने टिकाऊपणाचे पहिले भक्कम कारण आहे. गाण्यातच ऐकणाऱ्यासाठी काम ठेवलेले आहे. चाल जुनी झाली तरी ते काम दर वेळी नव्याने करावे लागते.

पण एवढ्याने भागत नाही. हाच ताल 1990 च्या गुळगुळीत साल्सातही आहे आणि त्यातली बहुतेक गाणी आज कुणी लावत नाही. तेव्हा 1964 ते 1979 या काळात न्यूयॉर्कमध्ये वेगळे काय होते हे पाहावे लागते.

1962 मध्ये अमेरिकेने क्यूबावर व्यापारबंदी घातली. हवानाकडून येणारा नव्या गाण्यांचा ओघ आटला. त्याच सुमारास ब्राँक्स आणि पूर्व हार्लेममध्ये वाढलेली प्वेर्तो रिकन पोरे विशीत आली होती. 1964 साली जॉनी पाचेको हा डॉमिनिकन बासरीवादक आणि जेरी मसुच्ची हा वकील यांनी फानिया ही कंपनी काढली. सुरुवातीला पाचेको गाडीच्या डिकीतून रेकॉर्ड विकत फिरे. 1967 मध्ये फानियाने विली कोलोन या सतरा वर्षांच्या पोराचा ‘एल मालो’ काढला, गायक एक्तोर लावो. कोलोनचे ट्रॉम्बोन घासलेले, ओबडधोबड, कानावर चाल करून येणारे. एडी पाल्मिएरीने 1961 पासून ‘ला पेर्फेक्ता’मध्ये ट्रॉम्बोन पुढे आणलेच होते, या पोरांनी त्यात रस्त्याचा आवाज मिसळला. मुखपृष्ठांवरही तोच रस्ता. 1971 च्या ‘ला ग्रान फुगा’वर कोलोनचे चित्र पोलिसांना हवा असलेल्या गुन्हेगाराच्या जाहिरातीसारखे छापले होते.

26 ऑगस्ट 1971 रोजी मॅनहॅटनच्या ‘चीता’ क्लबमध्ये फानियाचे सगळे गायक-वादक एकत्र आले. त्या रात्रीचे ‘कीताते तू’ ऐकाच. गायक एकामागून एक पुढे येतात आणि ‘तू बाजूला हो, मला येऊ दे’ या एका कल्पनेवर जागच्या जागी ओळी रचतात. मागे कोरस तेच ध्रुवपद धरून बसलेला. लावो येतो तेव्हा त्याचा पातळ, अनुनासिक आवाज पितळी वाद्यांच्या गर्दीतून सुरीसारखा निघतो. कुणी चुकत माकत सुरुवात करतो, कुणी हसतो, मागून कुणी ओरडतो, आणि हे सगळे रेकॉर्डवर आहे. आज असे काही कुणी ठेवणार नाही, पुसून टाकेल. माणसे एका खोलीत एकमेकांकडे पाहत वाजवत होती याचा तो पुरावा आहे, आणि आजच्या श्रोत्याला त्याची भूक आहे.

आणि शब्द. नाचाच्या गाण्यात शब्दांना कोण विचारतो, असे वाटत असेल तर रुबेन ब्लेड्सचे ‘पेद्रो नाव्हाहा’ घ्या. 1978 च्या ‘सिएम्ब्रा’ या अल्बममधले हे गाणे सात मिनिटांहून लांब आहे. रेडिओवाल्यांना तीन मिनिटांचे लागे. सुरुवातीला कोंगा आणि एकटा आवाज. गल्लीत एक गुंड उभा आहे, टोपी तिरकी, खिशात चाकू, तोंडात चमकणारा सोन्याचा दात. समोरून धंद्यावरची एक बाई येते, तिची आज कमाई नाही. कडव्यागणिक बँड भरत जातो. गुंड तिच्या अंगावर चाकू घेऊन जातो, तिच्या पर्समधले पिस्तूल उडते, दोघेही पडतात. गल्लीत कुणी डोकावत नाही. एक दारुडा अडखळत येतो, चाकू, पिस्तूल आणि पैसे उचलतो आणि गाणे म्हणत निघून जातो. मग पोलिसांचे भोंगे, आणि कोरस जीवनातल्या अनपेक्षित गोष्टींविषयी गाऊ लागतो. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या मॅकी या सुरेबहाद्दराचा हा लॅटिन भाऊबंद. लोक या गाण्यावर नाचत होते, आजही नाचतात. एवढी गोष्ट पायांना न अडवता सांगणे हे ज्याला जमते त्याला मी मोठा लेखक मानतो.

प्वेर्तो रिकोत तितेचे, म्हणजे तिते कुरेत आलोन्सोचे, नाव या बाबतीत सर्वांत वर. टपाल खात्यात नोकरी करता करता या माणसाने शेकडो गाणी लिहिली. चेओ फेलिसियानोने गायलेले ‘आनाकाओना’ त्याचेच. हक्कांच्या भांडणापायी 1995 नंतर अनेक वर्षे त्याची गाणी त्याच्याच बेटावरच्या रेडिओवर वाजू शकली नाहीत. 2003 मध्ये तो गेला तेव्हाही ती बंदच होती. लोकांच्या ओठांवर मात्र ती राहिली.

या इतिहासाला काळी बाजू आहे आणि ती झाकून जुन्या साल्साचे गोडवे गाणे मला पटत नाही. हवानातले संगीतकार वर्षानुवर्षे म्हणत आले की हे आमचेच संगीत, नाव बदलून विकले. त्यात दम आहे. तितो प्वेन्तेचे ‘ओये कोमो वा’ 1970 मध्ये सांतानाने जगभर पोहोचवले, पण त्याची मूळ धून काचाओच्या ‘चांचुयो’मधली आहे. तरीही न्यूयॉर्कच्या ट्रॉम्बोनात आणि ब्लेड्सच्या गल्लीत जे आहे ते हवानात नव्हते, हेही तितकेच खरे. दुसरी गोष्ट पैशाची. फानियाचे आपल्या अनेक कलाकारांशी रॉयल्टीवरून वाद झाले आणि ज्यांच्या आवाजावर कंपनी उभी राहिली त्यांतले काही हलाखीत गेले. तिसरी गोष्ट बायकांची. हवानात 1932 साली आनाकाओना हा सर्व स्त्रियांचा बँड निघाला होता, तरी न्यूयॉर्कच्या संचांत सेलिया क्रूस आणि ला लुपे यांच्यासारख्या एखाद-दोघीच पुढे दिसतात आणि कित्येक गाण्यांतली बाई ही फसवणारी नाहीतर मिरवणारी एवढीच असते. सेलियाच्या आवाजापुढे ती गाणी फिकी पडतात. 1974 च्या ‘सेलिया अँड जॉनी’मधले ‘किंबारा’ लावा, पहिल्या अर्ध्या मिनिटात खात्री पटेल.

1980 च्या दशकात ‘साल्सा रोमांतिका’ आली. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करायचे, ट्रॉम्बोनची धार बोथट करायची, आणि विषय एकच, शयनगृह. तिने नवे श्रोते आणले, नाचघरे भरलेली ठेवली, हे श्रेय द्यायला हवे. पण आज तिशीतला डीजे सेकंडहँड पेट्यांत हात घालतो तेव्हा त्याला 1987 चे काही नको असते, 1972 चे हवे असते.

आता मूळ मुद्दा. कंपन्या थकल्या, रेडिओ पुढे गेला, मग या रेकॉर्डी मधल्या काळात होत्या कुठे?

पुष्कळशा कोलंबियातल्या कालीत होत्या. प्रशांत महासागरावरच्या बुएनाव्हेंतुरा बंदरातून खलाशी रेकॉर्डी आणत, आणि त्या डोंगराआडच्या या ऊस-कारखान्यांच्या शहरात पोहोचत. तिथल्या पोरांना बुगालू मंद वाटला, म्हणून त्यांनी 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर लावली. आवाज चिरका झाला, ताल सुसाट सुटला, आणि त्यातून पावलांची जी झपाट्याची शैली जन्मली ती आज कालीची ओळख आहे. बँड बोलावणे परवडत नव्हते, तेव्हा रेकॉर्ड हाच बँड. लीझ वॅक्सर या संशोधिकेने ‘द सिटी ऑफ म्युझिकल मेमरी’ (2002) या पुस्तकात तिथल्या साल्सोतेका रंगवल्या आहेत: छोटे बार, भिंतीभर तबकड्या, आणि गिऱ्हाइकांतलाच एखादा हातात घंटा घेऊन रेकॉर्डबरोबर वाजवत बसलेला. तबकडीतला बँड न्यूयॉर्कचा, घंटावाला कालीचा, आणि दोघांचा क्लाव्हे एक. 1990 च्या दशकात तिथे ‘व्हिएहोतेका’ सुरू झाल्या, म्हणजे वयस्कांसाठी दुपारचे नाच. बघता बघता त्यांत नातवंडे शिरली. आजही डिसेंबरच्या जत्रेत तिथे संग्राहक आपापल्या तबकड्या घेऊन जमतात आणि दुर्मीळ गाणे लागले की टाळ्या पडतात.

आफ्रिकेची गोष्ट याहून जुनी. 1933 पासून एचएमव्हीने क्यूबन गाणी ‘जीव्ही’ मालिकेत आफ्रिकेत विकली. ज्या तालाचे पूर्वज गुलामांच्या जहाजांतून गेले होते तो तबकडीवर बसून परत आला आणि किन्शासाने त्याला आपला म्हणून ओळखले. ग्रां कालेचे 1960 चे ‘आँदेपांदांस चाचा’ हे काँगोच्या स्वातंत्र्याचे गाणे चाचाचात आहे, यातच सगळे आले. डाकारमध्ये 1970 साली हाच ताल घेऊन ऑर्केस्ट्रा बाओबाब उभा राहिला. सप्टेंबर 1974 मध्ये फानियाचे कलाकार किन्शासाला गेले, तेव्हा स्पॅनिश न कळणारे हजारो लोक त्यांच्यापुढे नाचले.

या सगळ्यात ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’चे स्थान काय? मार्च 1996 मध्ये हवानाच्या एग्रेम स्टुडिओत ही रेकॉर्ड झाली, आणि पुढच्या वर्षी जगभर गाजली. 88 वर्षांचे कोम्पाय सेगुंदो, बूटपॉलिश करून दिवस काढणारे इब्राहिम फेरेर, आणि घरी धड पियानो नसलेले रुबेन गोन्सालेस. गोन्सालेस यांनी ऐन तारुण्यात आर्सेनियोच्या संचात वाजवले होते. संधिवाताच्या बोटांतून उमटणारी त्यांची ती पियानोची नक्षी ऐकताना 1940 चे हवाना मधल्या पन्नास वर्षांवरून उडी मारून येते. रेकॉर्ड अप्रतिम आहे. पण तिच्याभोवती उभे राहिलेले पडक्या वाड्यांचे आणि जुन्या मोटारींचे चित्र मला खटकते. त्याने जगाला असे वाटू दिले की हे संगीत झोपले होते आणि बाहेरच्या कुणी ते जागे केले. काली, सान हुआन, डाकार जागेच होते.

फानियाचा खजिना 2005 साली नव्या मालकांनी विकत घेतला, तेव्हा मूळ फिती गोदामात पडून होत्या. त्यानंतर सफाई करून सीडी आल्या, 2018 पासून तो संग्रह काँकॉर्डकडे आहे आणि जाड व्हिनाइलवर पुन्हा निघतो आहे. उत्तम काम आहे. पण कोणत्या तबकड्या पुन्हा काढाव्यात हे कळायला आधी कुणीतरी त्या लावत राहायला हव्या होत्या.

आपला यातला धागा छोटा, पण खरा आहे. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनी 1950 च्या ‘समाधी’त ‘चिको चिको’ या लॅटिन ढंगाच्या गाण्यावरून ‘गोरे गोरे’ बांधले आणि पुढच्याच वर्षी ‘अलबेला’त लॅटिन ठेक्यावर ‘शोला जो भडके’ पेटवले. गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या सोबतीला होता. ‘अलबेला’त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. बोंगो, माराकास ही वाद्ये आपल्या चित्रपटसंगीतात रुजवण्यात कावस लॉर्ड यांचा मोठा वाटा. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी हा ठेका भगवानदादांच्या पावलांवर कधीच ओळखला होता.

आज पुण्या-मुंबईत साल्साचे वर्ग भरपूर चालतात. तिथे बहुतेक वेळ सरावाला सोयीची, एका लयीत बेतलेली नवी गाणी लावतात. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: दर वर्गात एक तरी जुनी रेकॉर्ड लावा. ‘डान्स मेनिया’पासून सुरुवात करा, मग पाल्मिएरीचे ‘आसुकार’, मग रे बारेट्टोचा ‘इंडिस्ट्रक्टिबल’, आणि शेवटी ‘सिएम्ब्रा’. पावले शिकवण्याआधी शिष्यांना नुसते बसवा आणि सोळा मात्रांत त्या पाच टाळ्या द्यायला लावा. आणि जे नाचत नाहीत त्यांनीही हे करून पाहावे. त्याला फक्त दोन हात लागतात.